फाटलेली सॉफ्ट प्लास्टिक लूर: कुठे कापायची, कुठे सांधायची, कधी वितळवायची

जिताड्यासाठी खाडीत टाकलेली तीन इंची पॅडल टेल, म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचं मऊ प्लास्टिकचं नकली आमिष (लूर), केंड माशाने शेपटीपाशी कुरतडली, की बहुतेक जण ती खडकावरच टाकतात आणि पाकिटातली नवी काढतात. चांगल्या कंपनीचं पाच-सहा नगांचं पाकीट तीन-चारशे रुपयांना पडतं, म्हणजे केंडाचा एक चावा साठ-सत्तर रुपयांचा. त्या लूरचं डोकं आणि धड मात्र शाबूत असतं. फाटलंय कुठे हे पाहून उपाय केला तर ती आणखी बरेच दिवस चालते. नाक फाटलं तर कापायचं, धड उललं तर तापल्या पात्याने सांधायचं, शेपूट गेली तर दुसरीची लावायची. फाटलं की फेविक्विक ही सवय मात्र सोडावी लागते, कारण बऱ्याच लूर त्यानेच वाया जातात.

आधी लूर कशाची आहे ते ओळखा

बाजारातल्या बहुतेक सॉफ्ट प्लास्टिक लूर प्लॅस्टिसोलच्या असतात. प्लॅस्टिसोल म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य, प्लास्टिसायझर. नळाच्या पाइपातही पीव्हीसीच असतं, पण त्यात हे तेल नसतं म्हणून तो कडक. प्लॅस्टिसोलची लूर तापवली की पातळ होते, गार झाली की पुन्हा आळते. त्यामुळे ती सांधताही येते आणि वितळवून नव्याने ओतताही येते.

दुसरा प्रकार टीपीईचा, म्हणजे थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर. झेड-मॅन कंपनीच्या ‘इलाझटेक’ लूर अशा, पीव्हीसी नसलेल्या. या फार चिवट असतात, केंडाच्या दातांनाही बराच वेळ दाद देत नाहीत. त्या उष्णतेने सांधल्या जातात, पण साधा पातळ फेविक्विक त्यांच्यावर नीट धरत नाही, चार-दोन फेकींत पापुद्र्यासारखा निघून येतो.

तिसरा प्रकार बर्कलीच्या ‘गल्प’सारख्या आमिषांचा. ते प्लास्टिकच नाही. पाण्यावर आधारलेलं मिश्रण आहे, उघड्यावर राहिलं की आक्रसतं आणि खड्यासारखं कडक होतं. त्याला ना पातं चालतं ना गोंद. फाटलं तर नखाएवढे तुकडे करून लहान गळाला लावा, मुडदुशीसाठी छान चालतात. उरलेले तुकडे त्यांच्याच रसात, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

पाकीट फेकून दिलंय आणि लूर कशाची ते कळत नाही, असं असेल तर ती दोन्ही हातांनी सावकाश ओढा. प्लॅस्टिसोल थोडं ताणून फाटायला लागतं, टीपीई मूळ लांबीच्या कित्येक पट ताणतं आणि सोडलं की जागेवर येतं. गळ काढून गोड्या पाण्यात टाकली तर टीपीईची लूर ठसठशीत तरंगते. पण तरंगण्यावर एकट्या विसंबू नका, मीठ न घातलेलं काही प्लॅस्टिसोलही तरंगतं. तरीही शंका उरली तर विजेच्या वायरमधली तांब्याची तार सोलून घ्या, चिमट्यात धरून लाल तापवा, लूरच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. टिकलीएवढा तुकडा पुरतो. हे उघड्यावर करा आणि धूर नाकात जाऊ देऊ नका.

एवढा खटाटोप अशासाठी, की प्लॅस्टिसोल आणि टीपीई एकमेकांना सांधत नाहीत. नुसती एका डबीत ठेवली तरी काही दिवसांत एकमेकांना खाऊन चिकट लगदा होतो.

धुतल्याशिवाय काहीही करू नका

सांधा न धरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. लूरवर माशाचा चिकटा, वाळलेलं खारं पाणी, वासाचं तेल आणि आतून पाझरलेलं प्लास्टिसायझर असतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने फाटलेल्या कडांच्या आतून धुवा. गोड्या पाण्यात खंगाळा, सुती फडक्याने टिपा आणि पंख्याखाली तासभर ठेवा. गोंद लावायचा असेल तर त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातलं अॅसिटोन लूरमधलं तेल ओढून घेतं आणि पृष्ठभाग आधी फुगवून मग कडक करतं.

नाक फाटलं: कापा

लूर सगळ्यात जास्त फाटते ती जिगहेडच्या, म्हणजे वजनदार डोकं ओतलेल्या गळाच्या, मानेपाशी. मानेवर लूर धरून ठेवणारा काटा असतो. मासा डोकं झटकतो तेव्हा लूर त्या काट्याभोवती फिरते, भोक रुंद होतं, मग प्रत्येक फेकीला लूर गळाच्या वाकाकडे सरकते आणि तिथे गोळा होते. अशा नाकावर गोंद ओतून उपयोग नाही, कारण तिथलं प्लास्टिकच झिजलेलं असतं.

जिगहेड काढा. सरळ ओढू नका. लूरला दोन बोटांत हलकं फुगवत काट्यावरून मागून पुढे ढकला. नव्या ब्लेडने नाकाकडून 5 ते 7 मिमी काटकोनात कापा. काप एका दमात हवा, करवतीसारखा पुढे-मागे केलात तर कड दातेरी होते आणि फाट तिथूनच पुन्हा सुरू होते. जिगहेड लूरच्या बाजूला धरून गळ कुठे बाहेर यायला हवा तिथे नखाने खूण करा. जुन्या भोकातून न जाता 1 ते 2 मिमी वर किंवा खाली नवा मार्ग घ्या आणि खुणेवर गळ बाहेर काढा.

चार इंचीची पावणेचार इंची झाली, एवढाच फरक. दोनदा कापून झाली की आधीचं जिगहेड लांब पडतं, गळ शेपटीच्या मनगटाजवळ (पॅडलच्या आधीच्या बारीक भागाजवळ) बाहेर येतो आणि शेपूट हलणं थांबतं. तेव्हा एका मापाने लहान गळ घ्या. काठीसारख्या सरळ लूरला तर डोकं-शेपूट असं काही नसतंच. एक टोक गेलं की उलटी लावा, दोन्ही गेली की अर्धी कापून लहान जिगहेडवर तळाशी हळूहळू सरकवत आणा.

धड उललं: तापलं पातं

ऑफसेट हुक (मानेपाशी वाकवलेला, टोक लूरमध्ये लपवायचा गळ) लावलेल्या लूरची पाठ, किंवा वाकटीच्या दातांनी उभं चिरलेलं धड, इथे उष्णतेला पर्याय नाही. उष्णतेने दोन्ही कडा वितळून एकजीव होतात, सांध्यात परकं काही राहत नाही, म्हणून तो लूरइतकाच मऊ राहतो.

हवं ते एवढंच: पेपर कटरचं जुनं पातं किंवा पातळ सुरी, ती धरायला पक्कड, गॅसची निळी ज्योत किंवा स्पिरिटचा दिवा, गार पाण्याचा वाडगा आणि खाली फरशीचा तुकडा. मेणबत्ती टाळा. तिची काजळी पात्यावर बसते, तिथून सांध्यात जाते, आणि काजळीचा थर असलेला सांधा पहिल्याच माशाला उघडतो. लायटर थेट लूरवर धरण्याची पद्धतही त्याच कारणाने कुचकामी. शिवाय टीपीई ज्योतीत पटकन पेट घेतं आणि जळते थेंब बोटांवर पडतात. खिडकी उघडी ठेवा, पण पंखा बंद.

पातं ज्योतीत 8 ते 10 सेकंद धरा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर टेकवून पाहा. धूर निघाला किंवा कड तपकिरी झाली तर पातं फार तापलंय, चार-पाच सेकंद थांबा. प्लास्टिक पात्याला चिकटून तारा सुटल्या तर कमी तापलंय. टेकवताच कड ओलसर चमकली आणि धूर नाही, तर बरोबर.

आता लूर फरशीवर ठेवून फाट दोन बोटांनी जरा उघडा, पातं आत सरकवा आणि दोन्ही कडा पात्याच्या दोन्ही बाजूंना टेकू द्या. एक-दोन सेकंदांत कडा चमकतात. पातं वर न उचलता फाटीच्याच दिशेने बाहेर ओढून घ्या आणि त्याच क्षणी कडा दाबा. पंधरा-वीस सेकंद बोटं हलवू नका. मग वाडग्यात बुडवा. फाट 2 सेंमीपेक्षा लांब असेल तर एका वेळी सांधू नका. आतल्या टोकापासून सुरुवात करून सेंटिमीटर-सेंटिमीटर पुढे या, नाहीतर एक टोक दाबेपर्यंत दुसरं आळून जातं. शेवटी वरच्या शिवणीवरून पात्याची सपाट बाजू एकदा हलकेच फिरवली की ओळ बुजते.

माशाने लचकाच तोडला असेल तर कडा जवळ आणायच्या भानगडीत पडू नका, लूर वाकडी होते. त्याच रंगाच्या टाकाऊ लूरची 2 मिमी जाडीची पट्टी कापा. पट्टीचं टोक आणि खड्डा दोन्ही पात्याने एकदम ओले करा आणि थोडं थोडं भरत जा. किंचित उंच भरून गार झाल्यावर ब्लेडने तासा.

सोल्डरिंग आयर्न वापरायचं तर जपून. 25 वॅटच्या साध्या आयर्नचं टोकही 300 अंशांच्या पुढे जातं आणि पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी जळायला लागतं. आयर्न तापवून प्लग काढा, टोक ओल्या स्पंजवर पुसा, मग टेकवा. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो. घशात खवखवलं की समजा आच जास्त झाली.

मीठ भरलेल्या लूर, विशेषतः पाण्यात झरझर बुडणाऱ्या काठ्या, उष्णतेने नीट सांधत नाहीत. वितळलेल्या कडेवर मिठाचे कण उघडे पडतात आणि शिवण रवाळ होते. त्या फेविक्विकने तात्पुरत्या चिकटवा किंवा सरळ कापून छोट्या करा.

शेपूट गेली: कलम करा

एकीची शेपूट गेली, दुसरीचं डोकं गेलं, तर दोन्हींतून एक होते. आंब्याच्या कलमासारखंच आहे, खुंट आणि काडी सारख्या जाडीची हवी आणि काप जुळायला हवेत.

पॅडल टेलची सगळी चाल पॅडलच्या आधीच्या बारीक मनगटात असते. मनगट लवलं तर पॅडल हलतं. म्हणून सांधा मनगटावर कधीच येऊ देऊ नका, त्याच्या किमान 1 सेंमी पुढे, धडाच्या जाड भागात घ्या. त्यासाठी चांगल्या शेपटीबरोबर तिच्या मालकिणीचं थोडं धडही कापून घ्यावं लागतं. दोन्ही लूर एकमेकींवर ठेवून एकाच वेळी तिरक्या, साधारण 45 अंशांत कापा. तिरक्या कापाला चिकटायला जास्त जागा मिळते आणि ताण एका ओळीवर येत नाही. पातं दोन्ही तोंडांच्या मध्ये धरा, ओली झाली की पातं खालच्या बाजूने काढा आणि तोंडं भिडवा. भिडवताना पॅडल पाठीच्या रेषेशी काटकोनात आहे ना ते पाहा. तिथे थोडासा तिरपेपणा राहिला तरी लूर पाण्यात गोल फिरते आणि दोराला पीळ पडतो. हाताने जमत नसेल तर कोनाच्या आकाराची अॅल्युमिनियमची पट्टी घ्या आणि दोन्ही तुकडे तिच्या घळीत ठेवूनच भिडवा.

वेगळ्या रंगांचं कलम बिनधास्त करा. काळोख्या गढूळ पाण्यात पांढऱ्या धडाला पोपटी शेपूट असल्याने माशाचं काही अडत नाही. प्रकार मात्र एकच हवा, आणि शक्यतो कंपनीही एकच, कारण मऊपणात फरक असला की सांध्यापाशी लूर मोडल्यासारखी वाकते.

फेविक्विक कुठे चालतो

फेविक्विक म्हणजे सायनोअॅक्रिलेट गोंद, आळल्यावर काचेसारखा ताठ होतो. लूर लवते, तो लवत नाही. म्हणून फाट सांध्यावर न होता सांध्याच्या कडेला, मऊ आणि कडक जिथे मिळतात तिथे होते. शिवाय प्लॅस्टिसोलमधलं तेल पाझरून त्याची पकड हळूहळू सुटते. त्यामुळे त्याची जागा डोक्याकडे, जिथे लूर मुळात लवत नाही. जिगहेडच्या मानेवर एक थेंब लावून लूर वर सरकवली की ती घसरत नाही. नवी लूर लावतानाच हा थेंब टाकला तर नाक फाटायचं प्रमाण बरंच कमी होतं. मिळाला तर जेल प्रकार घ्या, तो ओघळत नाही. थेंब टाचणीच्या डोक्याएवढा पुरे. जास्त झाला तर आतपर्यंत आळायला वेळ लागतो आणि वर पांढरी बुरशीसारखी साय येते. हवेतल्या ओलाव्याने तो आळतो, तेव्हा खाडीवर भिजक्या हातांनी लावलात तर लूरपेक्षा बोटंच आधी चिकटतील. चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात सोडवा.

पीव्हीसी पाइपाचं सॉल्व्हंट सिमेंट वापरून पाहायचा मोह होतो. ते कडक पाइपासाठी आहे, वाळल्यावर कडक पीव्हीसीचाच थर सोडतं. नको.

मरळीचा बेडूक

तळ्यात, धरणाच्या शेवाळात मरळीसाठी वापरायचा मऊ प्लास्टिकचा पोकळ बेडूक हे वेगळं प्रकरण. त्याची भिंत जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, तापलं पातं लावलं तर भोकाचा खड्डा होतो. मरळीच्या दातांनी त्याला सुईएवढी भोकं पडतात, आत पाणी भरतं, बेडूक मागून बुडतो आणि शेवाळावरून सरकायच्या ऐवजी त्यात रुततो.

भोक शोधायला बेडूक पाण्याखाली धरून हलकेच दाबा. बुडबुडे नाकाच्या लोखंडी कडीपाशी आणि पोटाखाली गळाच्या दांडीपाशी येणारच. या दोन्हींखेरीज जिथून येतील तिथे मार्करने टिंब करा. मग दाबून सगळं पाणी काढा आणि नाक वर करून रात्रभर टांगून ठेवा. आत थेंबभर पाणी राहिलं तरी चिकटवताना ते भोकातून बाहेर येतं.

बेडूक भोकाच्या दोन्ही बाजूंनी असा दाबा, की भोकाचं तोंड माशाच्या ओठांसारखं उघडेल. टाचणीच्या टोकावर फेविक्विक जेल घेऊन त्या ओठांच्या आतल्या कडेला फिरवा. पृष्ठभागावर लावू नका. दाब सोडला की भिंत आपल्या ताणाने तोंड मिटते. मिनिटभर तसंच धरा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दाबू नका. इथे फेविक्विक चालतो, कारण सांधा भिंतीच्या जाडीएवढाच असतो.

नाकाच्या कडीभोवती मात्र तो लावू नका. मासा चावला की बेडूक चपटा व्हायला हवा, तरच गळ बाहेर येतात. कडीभोवतीचा ताठ गोंद पहिल्या दाबालाच तडकतो. तिथे हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट टूथपिकने भरा आणि 24 तास सुकू द्या. मऊ पीव्हीसीला सिलिकॉन घट्ट चिकटत नाही, पण तारेभोवती बूच म्हणून छान बसतं. पोटाखालची फट कधीच बुजवू नका, पाणी बाहेर काढायचा रस्ता तोच.

वाकडी झालेली शेपूट

पाकिटात दुमडून वाकलेली लूर खराब झालेली नसते. पाणी उकळा, गॅस बंद करा, लूर चिमट्याने शेपटीकडून 20 ते 30 सेकंद बुडवा. लगेच फरशीवर सरळ ठेवा, आकार नीट करा आणि तशीच गार पाण्यात सोडा. पाणी उकळत असतानाच टाकलीत आणि ती भांड्याच्या तळाला टेकली, तर तिथे चपटी होते.

वितळवून नवी ओतायची असेल तर

खरं सांगायचं तर चार-सहा तुकड्यांसाठी यात पडू नये. तीन इंची लूर 4 ते 5 ग्रॅमची असते आणि दरवेळी 10-15 ग्रॅम माल भांड्याला आणि चमच्याला चिकटूनच जातो. निदान 100 ग्रॅम साठला की बसा. रंगांची विभागणी आधीच करून ठेवा: पांढरे आणि मोतिया एकत्र, हिरवे आणि तपकिरी एकत्र. उरलेले सगळे मिसळले की चिखलाचा रंग येतो, त्यात काळा रंग घालून काळ्या लूर करा. टीपीईचा एकही तुकडा या ढिगात नको. चपला, खेळणी, वायरचं वेष्टन असलं भलतंसलतं पीव्हीसी तर नकोच.

तुकडे हरभऱ्याएवढे करा, गळ आणि शिशाचे कण काढा आणि दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवा. ही पायरी टाळली तर पाण्याची वाफ होऊन 170 अंशांचं चिकट प्लास्टिक उडतं आणि कातडीला धरून बसतं. लांब बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि सेंद्रिय वाफ व आम्लवायू दोन्हींसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी मास्क इथे शोभेचाच. जागा उघडी हवी. इमारतीतली बाल्कनी म्हणजे उघडी जागा नव्हे, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. भांडं, चमचा, मायक्रोवेव्ह यांतलं काहीही पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

उष्णता सहन करणाऱ्या काचेच्या कपात 100 ग्रॅम तुकडे घ्या. मायक्रोवेव्हमध्ये पहिल्यांदा मिनिटभर, मग 20-30 सेकंदांच्या टप्प्यांत तापवा आणि दर टप्प्याला स्टीलच्या चमच्याने सावकाश ढवळा. भराभर ढवळलं की हवा मिसळते. इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरची साय मोजतो, म्हणून ढवळून लगेच मोजा. 160 ते 175 अंशांत ते मधासारखं ओघळतं. 190 च्या पुढे पिवळं पडायला आणि धुरायला लागतं, मग ते फेकायचंच. पेटलं तर झाकण किंवा वाळू टाका, पाणी अजिबात नाही.

एकदा वापरलेलं प्लास्टिक दुसऱ्यांदा जरा कडक उतरतं. लूर बनवणाऱ्यांसाठी मिळणारं सॉफ्टनर दहा भागांना अर्धा ते एक भाग घाला. जास्त घातलं तर लूर तेल सोडते आणि नाक लवकर फाटतं. मीठ असलेले तुकडे असतील तर ओतायच्या आधी मिनिटभर स्थिर ठेवा, मीठ तळाशी बसतं, तळाचा थर ओतू नका.

साचा घरी करायचा तर काठी किंवा साध्या किड्याचा, एका बाजूने उघडा. पॅडल टेलला दोन भागांचा साचा लागतो आणि तो पहिल्या झटक्यात जमत नाही. प्लास्टिकच्या डबीत नमुना लूर तळाला पोटाकडून चिकटवा, व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. प्लास्टर ऑफ पॅरिस दोन भाग, पाणी एक भाग, आणि प्लास्टर पाण्यात टाका, पाणी प्लास्टरमध्ये नाही, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. 2 ते 2.5 सेंमी जाडीचा थर ओता, डबी टेबलावर आपटून बुडबुडे काढा, तासाभराने उकला. मग साचा रोज वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की तो सुकला. कोकणात जून ते सप्टेंबर तो सुकतच नाही, हे काम वैशाखातलं. सुकल्यावर फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळून तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळवून. कच्च्या किंवा ओल्या साच्यातून वाफ उठते आणि लूरच्या पोटाला चाळणीसारखी भोकं पडतात.

ओतताना धार बारीक आणि साच्याच्या जवळून, एका टोकाकडून दुसरीकडे. आळताना ते आक्रसतं आणि मध्ये खळगा पडतो, तो अर्ध्या मिनिटाच्या आत थोडं आणखी ओतून भरा. उशीर केलात तर दोन थर वेगळे राहतात. दहा मिनिटांनी काढा आणि सरळ ताटलीत, पाण्यात पसरून ठेवा.

डबीत ठेवताना

प्लास्टिसायझर कडक प्लास्टिकलाही सोडत नाही. पॉलिस्टायरिनच्या पारदर्शक डब्यात ठेवलेली लूर तळाला वितळून बसते आणि हार्ड लूरचा रंग खाते. पॉलिप्रोपिलीनचे डबे किंवा मूळ पाकिटं चालतात. डब्याच्या तळाशी पीपी किंवा त्रिकोणातला 5 हा आकडा पाहा. गडद लूरचा रंग पांढरीत उतरतो आणि तो निघत नाही. मार्करने काढलेले डोळेही काही दिवसांत पसरतात. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत पाकिटं विसरलात तर सगळ्या शेपट्या एकाच बाजूला वळलेल्या मिळतील.

पाण्यात घालून पाहा

दुरुस्त केलेली लूर थेट लांब फेकू नका. जेटीच्या कडेने किंवा टबात, वापरायच्या त्याच जिगहेडवर हातभर दोराने ओढून बघा. संथ गतीला पॅडल थरथरत नसेल तर सांध्याशेजारचं जाड प्लास्टिक दोन्ही बाजूंनी समान तासा. एका कुशीवर कलत असेल तर आधी गळ पाठीच्या मधोमध बाहेर आलाय का ते पाहा, बहुधा चूक तिथेच असते. गळ मधोमध असूनही कलते, तर ज्या बाजूला कलते त्या बाजूचं पोटाकडचं प्लास्टिक ब्लेडने कागदाएवढं सोला आणि पुन्हा ओढून बघा. चार-पाच वेळा सोलूनही सरळ येत नसेल तर शेपूट कापा, धड काठी म्हणून तळाशी वापरा, आणि शेपटी पुढच्या कलमासाठी पाकिटात टाका.